वेगळा पेला : मेथडिस्ट परंपरेतील गीत, न्याय आणि मैदान

हैदराबादच्या बेगम बाजारात भांड्यांच्या दुकानांपुढे उभे राहिले म्हणजे पेल्यांच्या उतरंडी डोळ्यांत भरतात. निजाम अली खान यांच्या पत्नी हमदा बेगम यांनी ही जागा व्यापाऱ्यांना दिली, म्हणून बाजारास हे नाव पडले. तेलुगू, उर्दू, मराठी, मारवाडी या बोली येथे एकाच गल्लीत कानी पडतात. नाणे कोणाच्या हातचे आहे, हे बाजार विचारीत नाही. पेला कोणाच्या ओठाला लागला, हा प्रश्न मात्र आपल्या देशाने शतकानुशतके विचारला आहे.

मेथडिस्ट पाळकाने विश्वासाविषयी बोलावे, हे सर्वांस मान्य असते. तो सामाजिक न्यायाविषयी बोलू लागला की काहींच्या कपाळास आठ्या पडतात. संगीताविषयी बोलला तर ती त्याची हौस समजली जाते, आणि खेळाविषयी बोलला तर कालाचा अपव्यय. हे चार विषय खरोखरच इतके वेगळे आहेत काय? या प्रश्नाचे उत्तर आम्हांस इतिहासात शोधावयाचे आहे, आणि त्यात आमच्या परंपरेचा दोषही झाकून ठेवावयाचा नाही.

जॉन वेस्ली यांनी २ एप्रिल १७३९ रोजी ब्रिस्टल येथे प्रथम उघड्यावर उपदेश केला. मंदिराच्या चार भिंतींत ज्यांना स्थान नव्हते, ते कोळशाच्या खाणींतील मजूर त्या माळांवर लोटू लागले. त्यांच्या हाती धर्मशास्त्राचे ग्रंथ देऊन भागणारे नव्हते; त्यांना चार्ल्स वेस्ली यांची गीते मिळाली. चार्ल्स यांनी सहा हजारांहून अधिक गीते रचली आणि निरक्षर माणसाने सिद्धांत गळ्यातून आत्मसात केला. न्यायाचा धागाही तेव्हापासूनचाच. गुलामगिरीविरुद्ध जॉन वेस्ली यांनी १७७४ मध्ये पुस्तिका लिहिली, आणि मृत्यूपूर्वी अवघे सहा दिवस, २४ फेब्रुवारी १७९१ रोजी, विल्बरफोर्स यांना त्याच लढ्यासाठी धीर देणारे पत्र पाठविले.

परंतु ज्या वेस्लींनी उपदेशासाठी मैदान स्वीकारले, त्यांनीच खेळासाठी ते नाकारले. १७४८ मध्ये किंग्सवुड येथे काढलेल्या त्यांच्या शाळेत मुलांना खेळण्यास कोणत्याही दिवशी मुभा नव्हती. गीत आणि न्याय हे आमच्या परंपरेस जन्मतःच लाभले. खेळ तिला पुढे शिकावा लागला. या उशिराची किंमत काय, हे पुढे दिसेल.

आपल्या देशात ही परंपरा बाजारातूनच वाढली. १८७० मध्ये भारतात आलेले विल्यम टेलर हे पूर्वी सॅन फ्रान्सिस्कोच्या चौकात गीत गाऊन गर्दी जमवीत आणि मग उपदेश करीत. मुंबईत त्यांना जॉर्ज बोवेन येऊन मिळाले. मिशनचे वेतन सोडून बोवेन लोकवस्तीत राहत आणि बाजारात उभे राहून मराठीत बोलत. हैदराबाद संस्थानात वेस्लियन मिशनचे चार्ल्स वॉकर पॉझनेट यांनी मेदक येथे १९१४ पासून १९२४ पर्यंत जे भव्य मंदिर उभारले, त्याच्या बांधकामावर दुष्काळातील भुकेल्यांना काम आणि अन्न मिळाले. ही मेदकची शाखा १९४७ मध्ये दक्षिण भारत मंडळीत विलीन झाली. अमेरिकन शाखा वेगळी राहून १९८१ मध्ये स्वायत्त मेथडिस्ट मंडळी झाली. मराठी मंडळ्यांच्या गीतांचे ऋण मात्र एका मेथडिस्टेतर कवीकडे जाते. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी भजन आणि कीर्तन उपासनेत आणले, आणि ती गीते सर्व पंथांनी आपली मानली.

आता मैदानाकडे वळू. पुण्यात युरोपियनांच्या जिमखान्यात महिना चार रुपयांवर खेळपट्टीची कामे करणारा आणि साहेबांना गोलंदाजी टाकणारा एक चर्मकार तरुण होता. त्याचे नाव पाळवणकर बाळू. त्याच्या डावखुऱ्या फिरकीची गरज पडली तेव्हा हिंदू संघाने त्यास घेतले. मैदानात एकच चेंडू सर्वांच्या हाती फिरे. पण चहाच्या वेळी इतरांना चिनी मातीचे पेले आणि बाळूंना मंडपाबाहेर टाकाऊ मातीचा वेगळा पेला मिळे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात या गोलंदाजाने शंभराहून अधिक बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना अखेरपर्यंत मिळाले नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे बंधू विठ्ठल यांना मिळाले.

बाळू ख्रिस्ती नव्हते. पण त्यांचा पेला ख्रिस्ती मंडळीस अपरिचित नाही. दक्षिणेतील मंडळ्यांत जातवार बसण्याची चाल इतकी रुजली होती की बिशप डॅनियल विल्सन यांना १८३३ मध्ये तिच्याविरुद्ध आज्ञापत्र काढावे लागले. मेथडिस्टांनीही दुसऱ्याकडे बोट दाखवू नये. फिलाडेल्फिया येथील मेथडिस्ट मंदिरात अठराव्या शतकाच्या अखेरीस कृष्णवर्णीय उपासकांना प्रार्थनेतून उठविण्यात आले. रिचर्ड ॲलन आणि त्यांचे सोबती मंदिर सोडून बाहेर पडले. पुढे १८०१ मध्ये ॲलन यांनी आपल्या लोकांसाठी गीतसंग्रह छापला आणि १८१६ मध्ये स्वतंत्र आफ्रिकन मेथडिस्ट मंडळी स्थापिली. न्याय नाकारला गेला तेव्हा त्या लोकांनी आपले गीतही आपल्याबरोबर नेले.

त्याच देशात, १९३० च्या दशकाच्या अखेरीस, कॅलिफोर्नियातील पॅसाडिना येथे कार्ल डाउन्स नावाचा तरुण मेथडिस्ट पाळक आला. त्याने मंदिराच्या आवारात बॅडमिंटन सुरू केले, तरुणांचे संगीत-नृत्याचे मेळावे भरविले. वडीलधाऱ्या सभासदांस ते रुचले नाही. परंतु भरकटू पाहणारा एक खेळाडू तेथे टिकला, आणि शनिवारच्या सामन्यात अंग ठेचकाळून निघाले तरी रविवारी शब्बाथशाळेत शिकवू लागला. तो जॅकी रॉबिन्सन. १५ एप्रिल १९४७ रोजी त्याने बेसबॉलच्या प्रमुख साखळीतील वर्णभेदाची भिंत फोडली. त्यास संधी देणारे ब्रँच रिकी हेही मेथडिस्ट, आणि त्यांचे पहिले नाव वेस्ली असे होते. पुढच्याच वर्षी डाउन्स शस्त्रक्रियेनंतर वयाच्या ३५ व्या वर्षी निवर्तले. वर्णभेदी रुग्णालयात त्यांची योग्य शुश्रूषा झाली नाही, अशी व्यथा रॉबिन्सनला जन्मभर राहिली. ज्या पाळकाने खेळाचे अंगण सर्वांस खुले केले, त्यास रुग्णशय्या मात्र वेगळी मिळाली.

हैदराबादनेही मैदानाचे सामर्थ्य पाहिले आहे. या शहरातील शिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांच्या मार्गदर्शनाखाली भारताने १९५१ आणि १९६२ मध्ये आशियाई क्रीडास्पर्धेत फुटबॉलचे सुवर्णपदक जिंकले. १९६२ च्या संघात या नगरीशी नाते सांगणारे पीटर थंगराज, युसुफ खान आणि तुळशीदास बलराम एकत्र होते. तीन नावांवरून तीन धर्म ओळखता येतात. चेंडूस ते ओळखता येत नव्हते.

तथापि मैदान आपोआप न्यायी होत नाही, हे बाळूंच्या पेल्यावरून सिद्ध होते. सामना संपल्यावर खेळाडू एकत्र बसून खातात-पितात की नाही, येथे खरी परीक्षा आहे. गीताचेही तसेच. एका सुरात गाणारे दोघे उपासनेनंतर एकमेकांच्या घरी पाणी पितात काय, यावर त्या सुराचा खरेपणा ठरतो.

पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या एकाच पहिल्या पत्रात हे सारे विषय आले आहेत, याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. नवव्या अध्यायात धावण्याची शर्यत आहे, चौदाव्यात आत्म्याने आणि बुद्धीनेही गाण्याचा निश्चय आहे, आणि त्यांच्या मध्ये, अकराव्या अध्यायात, प्रभूच्या मेजावर काहीजण तृप्त होतात व गरीब उपाशी राहतात याबद्दल कठोर शब्द आहेत. प्रेषिताने ज्या गोष्टी एका पत्रात बांधल्या, त्या आम्ही निरनिराळ्या समित्यांकडे सोपविल्या आहेत. विश्वास वेदीकडे, गीत गायकवृंदाकडे, खेळ तरुणसंघाकडे; आणि न्याय बहुधा कोणाकडेच नाही.

म्हणून सेवकबंधुभगिनींस आमची विनंती एवढीच आहे. आपल्या मंडळीचा पुढील क्रीडादिन भरेल, तेव्हा वस्तीतील इतर मुलांनाही बोलवावे, आणि सामन्यानंतर पाणी कोण देतो व कोणाच्या पेल्यातून देतो, हे पाळकाने स्वतः उभे राहून पाहावे. बेगम बाजारातील उतरंडीत सर्व पेले सारखेच असतात. त्यांतील एक बाजूला काढून ठेवणारा हात आपल्यातलाच असतो. तो हात प्रभुभोजनाच्या मेजापाशी पुढे येईल, तेव्हा त्यास याची आठवण असावी.