फासा, सोंग आणि सूत्रधार

श्रोतेहो, बीड जिल्ह्यांतील नारायणगडाला भाविक लोक ‘धाकटी पंढरी’ म्हणतात. अशा वारकरी क्षेत्रांच्या परिसरांत भजन, कीर्तन व भारूड यांचा परिपाठ कसा असतो, हें आपणांस ठाऊकच आहे. टाळकरी, मृदंगी व विणेकरी जमतात. भारूड रंगांत आलें म्हणजे त्यांच्यांतलाच एखादा गृहस्थ डोक्यावर पदर घेऊन नाहीं तर हातीं परडी धरून उभा राहतो, आणि घटकाभर तो जोगतीण होतो, जोशी होतो, वासुदेव होतो. पैठणच्या एकनाथांनीं सोळाव्या शतकांत हीं सोंगें परमार्थाच्या कामीं लाविलीं. आज ज्या खेळाचा इतिहास मी सांगणार आहें, तो दिसावयास परदेशी आहे. परंतु त्याचीं अंगें एकेक करून पाहिलीं, तर त्यांतलें एकही आपणांस सर्वस्वीं परकें वाटणार नाहीं.

हा खेळ 1974 सालीं अमेरिकेंत छापला गेला. त्याचें नांव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. कर्ते गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन. पहिल्या आवृत्तीच्या अवघ्या 1000 प्रती निघाल्या होत्या. खेळ असा : चार-पांच गडी मेजाभोंवतीं बसतात. कोणी योद्ध्याचें पात्र घेतो, कोणी मांत्रिकाचें, कोणी धर्मोपदेशकाचें. एक जण मात्र सूत्रधार होतो. तो प्रसंग सांगतो : “पुढें पडका किल्ला आहे, दार बंद आहे, आंतून कोणी कण्हत आहे. तुम्ही काय करतां?” गडी आपापल्या पात्राच्या स्वभावास अनुसरून उत्तर देतात. यशापयश संशयित असेल तेथें 4, 6, 8, 12 किंवा 20 पैलूंचा फासा टाकावयाचा. रात्र झाली कीं खेळ थांबतो, आणि पुढच्या बैठकींत कथा तेथूनच पुढें चालूं होते. अशा बैठका वर्षानुवर्षें चालतात.

यांत चार गोष्टी एकवटल्या आहेत : दैव, निवड, न्याय व सोंग. आपण त्यांचा क्रमानें विचार करूं.

दैवाचा खेळ म्हणजे मोक्षपट. परंपरा त्याचें जनकत्व ज्ञानेश्वरांकडे देते. परंतु आज उपलब्ध असलेले ज्ञानचौपडाचे व मोक्षपटाचे जुने पट प्रायः अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतले आहेत. वैष्णवांचा पट 72 घरांचा, जैनांचा 84 घरांचा असे त्यांचे प्रकार आढळतात. सद्गुणाच्या घरीं शिडी, दुर्गुणाच्या घरीं साप आणि शेवटीं मोक्ष किंवा परमपद. येथें सोंगटी हेंच सोंग : ती म्हणजे जीव. तत्त्वज्ञान कापडावर मांडण्याची हौस आपल्याकडे जुनीच आहे. ह्याच बीड जिल्ह्यांतील अंबाजोगाईच्या दासोपंतांनीं सुमारे 40 फूट लांबीच्या पासोडीवर पंचीकरण लिहून ठेविलें आहे. मोक्षपट इंग्लंडांत गेला तेव्हां एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील नीतिकल्पना त्यावर चढल्या. पुढें त्याही पुसल्या गेल्या आणि नुसते साप व शिड्या तेवढ्या उरल्या. परंतु मूळ पटांतही एक उणीव होतीच. पुण्य कोणतें व पाप कोणतें हें तो सांगे; त्यांतून निवड करण्याची संधी मात्र खेळणाराला देत नसे. सर्व कांहीं कवड्यांच्या हातीं.

निवड सारीपाटांत आली. दान पडलें तरी कोणती सोंगटी हलवावी, हें खेळणाराच्या बुद्धीवर असे. वेरूळच्या 21 क्रमांकाच्या लेण्यांत शिवपार्वतींच्या ह्या क्रीडेचें शिल्प आहे. देवतांच्या खालीं नंदी व त्याच्याशीं खोड्या करणारे गण दाखविले आहेत. खेळाभोंवतीं मंडळी जमते व तीही त्यांत रमते, ही गोष्ट त्या शिल्पकारानें अचूक टिपली आहे.

तिसरें अंग न्याय. आणि तें बुद्धिबळाच्या वंशांत वाढलें. बुद्धिबळ भारतांतून इराण व अरबस्तान यांच्या मार्गें युरोपास गेलें. त्याचाच विस्तार करून 1780 सालीं ब्रुन्सविक येथें हेल्विग यानें युद्धाचा खेळ रचला. प्रशियाच्या सैन्यांतील राइस्विट्झ यानें 1824 सालीं नकाशावर खेळावयाचा ‘क्रीगस्पील’ सिद्ध केला. त्यांत दोन्ही पक्ष आपले हुकूम एका पंचाकडे देत. ज्याच्या सैन्याला जेवढें दिसणें शक्य, तेवढेंच पंच त्यास दाखवी, आणि फाशाच्या साह्यानें चकमकीचा निकाल देई. हा पंच कोणाच्याही बाजूनें लढत नसे. पुढें 1876 सालीं व्हर्डी द्यु व्हर्नोआ यानें कोष्टकांपेक्षां अनुभवी पंचाच्या विवेकावर भर दिला. आजच्या सूत्रधाराचा पूर्वज हाच.

चौथें अंग सोंग. 1969 सालीं मिनेसोटांत डेव्हिड वेस्ली यानें असा एक युद्धखेळ मांडला कीं, त्यांत सेनापतींबरोबरच गांवांतल्या निरनिराळ्या व्यक्तींच्या भूमिकाही गड्यांना दिल्या. त्या मंडळींत आर्नेसन होता. सैन्याऐवजीं माणूस झाल्याबरोबर खेळाचें रूप पालटलें, आणि पांच वर्षांत नवा प्रकार उभा राहिला. भारुडांतील सोंगाशीं त्याचें नातें उघड आहे. भेद इतकाच कीं, भारुडाचा शेवट ठरलेला असतो, येथें तो कोणासच ठाऊक नसतो.

आतां कोणी विचारील, एवढ्या इतिहासाचा आम्हां गृहस्थांस उपयोग काय? श्रोतेहो, फाशाविषयीं आपल्या मनांत जी भीति आहे ती निराधार नाहीं. द्यूतसभेंत एक राज्य गेलें व एक कुल बुडालें. परंतु त्या सभेंत काय कमी होतें, तें नीट पाहा. फासे होते, नियम होते, खेळणारे होते. निःपक्षपाती पंच नव्हता. त्या आसनावर ज्याचा पुत्र डावांत गुंतला होता असा पिता बसला होता, आणि कोणी काय जिंकलें हें तो उत्सुकतेनें विचारीत होता. ज्याच्या हातीं सत्ता, त्यालाच जिंकण्याची इच्छा झाली कीं खेळाचें द्यूत होतें.

भूमिकांच्या ह्या खेळांत सूत्रधाराच्या हातीं तर सर्वच सत्ता असते. राक्षस त्याचे, किल्ले त्याचे, वादळहि त्याचेंच. मनांत आणील तर तो एका क्षणांत सर्व गड्यांस मारील. पण मग पुढच्या बैठकीला कोणी येणार नाहीं. म्हणून त्याला संकट घालावें लागतें तें त्यांतून मार्ग निघूं शकेल असें. आणि गड्यांनीं अनपेक्षित मार्ग काढला तर आपली ठरविलेली कथा मोडून ती त्यांच्या कलानें न्यावी लागते. गड्यांनाही शिस्त आहे : दुसऱ्याच्या पात्राला बोलूं द्यावें, पडलेलें दान मान्य करावें, ठरल्या दिवशीं यावें. दिंडींतला टाळकरी आपल्या जागीं नसला तर जशी ओळ तुटते, तसा एक गडी न आला तर कथेचा एक धागा लोंबकळत राहतो.

शहरांतील घरांत संध्याकाळीं प्रत्येकजण आपापल्या कोपऱ्यांत आपापल्या पडद्यापुढें बसतो, ही तक्रार आज सर्वत्र ऐकूं येते. केवळ उपदेशानें ती दूर होणार नाहीं; माणसें एकत्र बसतील असें कांहीं कारण पाहिजे. एक मेज, थोडे फासे, चार-पांच ठरलेले सोबती, आणि स्वतः जिंकण्याची इच्छा बाजूस ठेवणारा एक सूत्रधार, एवढें साहित्य कोणत्याही घरांत मिळण्यासारखें आहे. त्यांत शेवटचें तेवढें दुर्मिळ. तें जेथें मिळेल तेथें हा खेळ टिकेल.