बाटलीवरील चिठ्ठी आणि वालाचे मोड

सावित्री नदी महाबळेश्वरच्या डोंगरांत उगम पावून पोलादपुरावरून महाडाकडे वाहत जाते. तिच्या कांठच्या या दोन्ही गांवीं आज औषधांच्या दुकानापुढें उभें राहिलें, तर कांचेच्या कपाटांत नारिंगी रंगाच्या नळ्या व डबे ओळीनें मांडलेले दिसतात. त्यांवर संत्र्याचें चित्र असतें, ठळक अक्षरांत ‘1000 मिलिग्रॅम’ असा आंकडा असतो, आणि मागील बाजूस बारीक टाइपांत लिहिलेलें असतें, कीं ही एक गोळी म्हणजे दिवसाच्या गरजेच्या 1250 टक्के ‘क’ जीवनसत्त्व होय. 2020 व 2021 या महामारीच्या वर्षांत या गोळ्या घरोघर पोंचल्या. महामारी ओसरली, गोळ्या मात्र राहिल्या.

त्याच पेठेंत, हिंवाळ्याच्या दिवसांत, खेड्यांतून आलेली एखादी बाई आवळ्यांची टोपली व मोड आलेले वाल पुढ्यांत घेऊन बसलेली असते. तिच्या मालावर चिठ्ठी नसते. घरच्या गृहिणीचा हात या दोहोंपैकीं कोठें वळावा, हा प्रश्न वरवर पाहतां चार पैशांचा वाटतो. परंतु चिठ्ठीवरील शब्दावर माणसानें कितपत विसंबावें, असा एक जुना प्रश्न त्याच्या पोटांत आहे. आणि त्या प्रश्नाची किंमत एकदां आपल्याच मुलखांतील शिपायांनीं मोजिलेली आहे. ती हकीकत वाचकांपुढें मांडावी, असें आम्हीं योजिलें आहे.

स्कर्व्ही हा रोग दर्यावर्दी लोकांचा म्हणून प्रसिद्ध. ताजें अन्न कांहीं महिने मिळेनासें झालें, कीं माणूस थकूं लागतो, हिरड्या सुजून त्यांतून रक्त येतें, दांत हलतात, जुन्या भरलेल्या जखमाहि पुन्हां उकलतात, आणि उपाय न झाल्यास शेवटीं मृत्यु येतो. शरीराचें बांधकाम ज्या कोलॅजेन नांवाच्या तंतूवर उभें असतें, तो नीट घडण्यास ‘क’ जीवनसत्त्व अवश्य लागतें. बहुतेक पशु हें द्रव्य आपल्या शरीरांतच तयार करितात. मनुष्य, वानर व गिनीपिग यांस मात्र तें अन्नांतूनच मिळवावें लागतें.

इ. स. 1747 मध्यें जेम्स लिंड या ब्रिटिश आरमारी वैद्यानें ‘सॅलिसबरी’ जहाजावरील बारा आजारी खलाशी निवडले, त्यांच्या सहा जोड्या केल्या, आणि प्रत्येक जोडीस निराळा उपाय दिला. कोणास व्हिनेगर, कोणास सौम्य गंधकाम्ल, कोणास समुद्राचें पाणी. ज्या दोघांस रोज दोन संत्रीं व एक लिंबू मिळालें, त्यांतील एक जण सहा दिवसांतच कामावर रुजू झाला. लिंडचा ग्रंथ 1753 मध्यें निघाला; तरी आरमारांत लिंबाचा रस नियमानें सुरू होण्यास 1795 साल उजाडावें लागलें. त्यानंतर इंग्रज जहाजांवरून हा रोग जवळजवळ नाहींसा झाला.

येथवरची कथा पुष्कळांस ठाऊक असते. पुढचा भाग मात्र क्वचितच सांगितला जातो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर भूमध्यसमुद्राकडील मोठ्या लिंबांच्या जागीं वेस्ट इंडीजमधील लहान, पातळ सालीचीं लिंबें सरकारी पुरवठ्यांत आलीं. पहिल्यास ‘लेमन’ व दुसऱ्यास ‘लाइम’ हीं नांवें निराळीं खरीं. पण त्या काळच्या व्यवहारांत तीं एकमेकांच्या जागीं सर्रास वापरलीं जात. आपल्याकडेहि ‘लिंबू’ म्हटलें कीं दोन्ही त्यांत आलींच. नवा रस जुन्याइतकाच आंबट होता, म्हणून तो गुणानेंहि तितकाच असला पाहिजे, अशी सर्वांची समजूत झाली. त्याच सुमारास वाफेचीं जहाजें आलीं, सफरी लहान झाल्या, आणि ही चूक कित्येक वर्षें झांकून राहिली. 1875-76 च्या नेअर्स याच्या उत्तर ध्रुवाकडील सफरींत जहाजांवर लिंबाचा रस असूनहि माणसें स्कर्व्हीनें पडलीं, तेव्हां लोकांचा रसावरचा विश्वास डळमळला. परंतु बाटलींतील रस बदलला आहे, हें कोणाच्या ध्यानीं आलें नाहीं. पुढें 1918 च्या सुमारास लंडनच्या लिस्टर संस्थेंतील विदुषींनीं प्रयोगानें दाखविलें, कीं लाइमच्या ताज्या रसाचें बळ लेमनच्या सुमारें एक-चतुर्थांशच भरतें, आणि साठवून ठेविलेल्या रसांत तर तेंहि फारसें उरत नाहीं. चिठ्ठी तीच राहिली होती. आंतला माल बदलला होता.

या भ्रमाचा उलगडा होण्यापूर्वींच पहिलें महायुद्ध पेटलें, आणि कोंकणांतील शिपाई मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या, रणांगणावर उतरले. महाड-पोलादपूर हा मुलूख तेव्हां कुलाबा जिल्ह्यांत मोडे. रायगड हें नांव जिल्ह्यास 1981 मध्यें मिळालें. डोंगराळ जमीन, एक पावसाळी पीक, आणि शिपाईगिरीची जुनी परंपरा, यांमुळें येथील तरुणांस पलटणीची वाट जवळची वाटे. महाड तालुक्यांतील आंबवडें गांवास तर ‘फौजी आंबवडें’ हेंच नांव रूढ झालेलें आहे. कूट-अल-अमारा येथें 7 डिसेंबर 1915 पासून 29 एप्रिल 1916 पर्यंत जनरल टाउनशेंड याच्या हाताखालील सहावी पुणें डिव्हिजन तुर्कांच्या वेढ्यांत अडकून पडली. तींत 103 वी, 110 वी व 117 वी अशा तीन मराठा पलटणी होत्या, आणि त्यांत घाटावरच्या मराठ्यांबरोबर कोंकणी मराठेहि असत.

त्या वेढ्यांत एक विलक्षण गोष्ट घडली. एकाच तटबंदींत, एकाच हवेंत, एकाच तोफांच्या माऱ्याखालीं असलेल्या लोकांस दोन निराळे रोग झाले. गोऱ्या शिपायाच्या शिध्यांत पांढऱ्या पिठाचा पाव व मांस. त्यांस बेरीबेरी जडली. हिंदी शिपायाच्या शिध्यांत कणीक, डाळ व तूप. त्यांस बेरीबेरी क्वचितच झाली, पण स्कर्व्हीनें ते शेंकडोंनीं अंथरुणास खिळले. कारण आज स्पष्ट आहे. कोंड्यासकटच्या पिठांत ‘ब’ जीवनसत्त्व होतें, पांढऱ्या पिठांत तें नव्हतें. आणि वेढ्यांत कापलेल्या घोड्यांच्या ताज्या मांसांत थोडें ‘क’ होतें, कोरड्या शिध्यांत तें मुळींच नव्हतें. धर्मभावनेमुळें आपल्या बहुतेक शिपायांनीं घोड्याचें मांस पुष्कळ दिवस नाकारिलें. अगदीं शेवटीं कांहींनीं तें घेतलें. मिळेल तो रानपाला खुडून शिजविण्याचाहि प्रयत्न झाला. यांत शिपायांच्या श्रद्धेस दोष देण्याचें कारण नाहीं. ज्यांनीं शिध्याचें कोष्टक आंखलें, त्यांनीं वजन पाहिलें, पोट भरेल कीं नाहीं हेंहि पाहिलें. परंतु डाळ-कणकेंत काय नाहीं, हें लिहावयास त्या कोष्टकांत रकानाच नव्हता.

मेसोपोटेमियांतील हिंदी सैन्यांत 1916 मध्यें स्कर्व्हीनें हजारों माणसें पडलीं, तेव्हां हा प्रश्न लिस्टर संस्थेपुढें आला. हॅरिएट चिक व त्यांच्या सहकारी यांनीं 1917 ते 1919 या काळांत गिनीपिगांवर प्रयोग करून असें दाखविलें, कीं कोरड्या कडधान्यांत स्कर्व्हीस रोखणारें द्रव्य जवळजवळ नसतें. परंतु तेंच कडधान्य चोवीस तास भिजवून एक-दोन दिवस मोड येऊं दिले, तर तें द्रव्य त्यांत उत्पन्न होतें. अट इतकीच, कीं दाणा अख्खा व सालासकट हवा. भरडलेल्या डाळीस मोड येत नाहींत. म्हणजे जें धान्य शिपायाच्या पुढ्यांत डाळ होऊन आलें, तेंच अख्खें आलें असतें, तर एक ओलें फडकें व थोडें पाणी यांच्या बळावर त्यांतून औषध निघालें असतें!

महाड-पोलादपूरकडील वाचकांस येथें आपल्या घरची आठवण झाल्याशिवाय राहणार नाहीं. भाताची कापणी झाली, कीं शेतांतील उरलेल्या ओलीवर वाल पेरावयाचे, आणि मग ते वर्षभर भिजवून, फडक्यांत बांधून, मोड आले म्हणजे सोलून बिरडें करावयाचें, ही रीत कुलाब्याच्या प्रत्येक स्वयंपाकघरांतली. आमच्या आज्यांस जीवनसत्त्वाचें नांव ठाऊक नव्हतें, आणि त्यांनीं मोड आणविले ते चवीसाठीं व पचनासाठीं. तेव्हां त्यांस सर्व शास्त्र आधींच अवगत होतें, असें आम्ही म्हणणार नाहीं. शिजवितांना मोडांतील ‘क’चा बराचसा भाग नष्ट होतो, हेंहि खरें. तरी कूटच्या छावणींत जें नव्हतें, तें त्या फडक्यांत होतें, एवढें म्हणण्यास हरकत नाहीं.

असो. पुढें रसायनशास्त्रानें या द्रव्याचा छडा लावला. 1928 मध्यें सेंट-ग्यॉर्गी यांनीं तें वेगळें काढिलें, 1932 मध्यें तेंच ‘क’ जीवनसत्त्व असल्याचें ठरलें, आणि 1933 मध्यें हॉवर्थ यांनीं त्याची रचना उलगडली व राइखस्टाइन यांनीं तें कृत्रिम रीतीनें बनविलें. 1934 पासून तें गोळीच्या रूपानें बाजारांत आलें. त्याचें नांव ॲस्कॉर्बिक आम्ल, म्हणजे स्कर्व्ही नाहींसें करणारें आम्ल. कारखान्यांत ग्लुकोजपासून बनलेला त्याचा रेणु व आवळ्यांतील रेणु यांत तिळमात्र भेद नाहीं. म्हणून चिठ्ठीवर ‘नैसर्गिक’ असा शब्द दिसला, तरी तेवढ्यानें आंतील जीवनसत्त्व अधिक गुणकारी ठरत नाहीं.

आतां ती चिठ्ठी हातीं घेऊं. पहिली गोष्ट, मोठा आंकडा कशाचा, तें पाहावें. चघळण्याच्या 500 मिलिग्रॅमच्या गोळीवर पुष्कळदां असें असतें: ॲस्कॉर्बिक आम्ल 100 मिलिग्रॅम व सोडियम ॲस्कॉर्बेट 450 मिलिग्रॅम. बेरीज 550 होते, मग 500 कसे? कारण सोडियमचें वजन वजा जातां त्या 450 पैकीं 400 च ‘क’ म्हणून जमेस धरावयाचे. पाण्यांत फसफसणाऱ्या गोळ्यांतहि बहुधा सोडियम असतें. रक्तदाब असलेल्यांनीं तो रकाना अवश्य वाचावा.

दुसरी गोष्ट टक्केवारीची. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या कोष्टकाप्रमाणें रोजची शिफारस पुरुषास 80, स्त्रीस 65, गर्भवतीस 80 व अंगावर पाजणाऱ्या मातेस 115 मिलिग्रॅम आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत इंग्लंडांतील शेफील्ड येथें स्वयंसेवकांवर झालेल्या प्रयोगांत स्कर्व्ही बरी होण्यास रोज 10 मिलिग्रॅमहि पुरले. मग 1250 टक्क्यांचें काय होतें? लहान मात्रा आंतडीं जवळजवळ सर्व शोषून घेतात. हजाराच्या वर गेलें, कीं निम्म्याहून कमी शोषलें जातें, आणि शोषलेल्यांतीलहि जास्तीचा भाग लघवीवाटे निघून जातो. चिठ्ठी बाटलींत काय आहे तें सांगते. शरीरांत काय राहील, तें सांगत नाहीं. प्रौढांस दिवसास 2000 मिलिग्रॅम ही वरची मर्यादा समजतात. मूतखड्याची खोड असलेल्यांनीं, किंवा ज्यांच्या अंगीं लोह फाजील साठतें अशांनीं, वैद्याच्या सल्ल्याखेरीज मोठ्या मात्रा घेऊं नयेत.

तिसरी गोष्ट दाव्याची. आहारपूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या मालावर तो औषधी उपयोगासाठीं नाहीं असें छापण्याचा, व ठरविलेल्या मात्रेहून अधिक न घेण्याबद्दल बजावण्याचा नियम आपल्याकडे आहे. ही ओळ बहुधा सर्वांत बारीक अक्षरांत असते, आणि वाचण्याजोगी तीच असते. 1970 मध्यें लायनस पॉलिंग यांच्या पुस्तकामुळें सर्दीवर ‘क’ची कीर्ति जगभर झाली. 2013 मध्यें सर्व प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यांत नित्य गोळी घेणाऱ्या सामान्य माणसाची सर्दी टळत नाहीं. आली तर मोठ्या माणसांत तिची मुदत सुमारें 8 टक्क्यांनीं घटते, असें दिसलें.

आवळ्यावर चिठ्ठी असती, तर तिच्यावर काय लिहिलें असतें? जुन्या कोष्टकांत 100 ग्रॅम आवळ्यांत 600 मिलिग्रॅम ‘क’ आढळतें. 2017 च्या कोष्टकांत सुमारें 250. झाड, जमीन, ऋतु, साठवण व मोजण्याची रीत यांप्रमाणें आंकडा बदलतो. फळ हें वचन देत नसतें. पण कमीत कमी आंकडा धरला, तरी मध्यम आकाराच्या एका आवळ्यांत दिवसाची गरज भागते. पेरू, काजूचें बोंड, शेवग्याचा पाला, आणि ताज्या कागदी लिंबाची जेवतांना वरून पिळलेली फोड, हींहि या कामीं थोडींथोडकीं नाहींत. नाचणीच्या भाकरीबरोबर तें लिंबू घेतलें, तर भाकरींतील लोहहि शरीरास अधिक लाभतें.

गोळीची निंदा करण्याचा आमचा हेतु नाहीं. कूटच्या वेढ्यांत अशा गोळ्यांचा एक डबा असता, तर आमच्या मुलखांतील किती तरुण आपल्या पायांनीं चालते! ज्यास ताजें अन्न चावतां येत नाहीं, अशा एकट्या वृद्धास, किंवा ज्यास वैद्यानें सांगितलें अशा रोग्यास, ती आजहि मोलाची आहे. परंतु ज्या घरीं आवळे, पालेभाजी व मोडाचें बिरडें पानांत पडतें, त्या घरीं ती संत्र्याचें चित्र पाहून आणूं नये. लिंबाच्या नांवानें फसलेल्या आरमारानें आणि डाळीच्या वजनानें फसलेल्या छावणीनें जें महागांत शिकलें, तें आपणांस एका बारीक ओळीच्या वाचनानें शिकतां येतें. दुकानांत चष्मा लावून ती ओळ वाचण्यास थोडा वेळ जातो. तेवढा वेळ गृहिणीनें खुशाल घ्यावा, आणि मग वाटल्यास दहा पावलें पुढें जाऊन त्या टोपलीपाशीं थांबावें.