आठव्या वर्षाआधी दिसणारी खूण : मुलींमधील अकाली ॲड्रेनार्की आणि पुढचे हृदयाचे आरोग्य

सहा-सात वर्षांच्या मुलीच्या काखेत किंवा जांघेत केस दिसू लागले, घामाला मोठ्या माणसांसारखा वास येऊ लागला, की घरात कुजबुज सुरू होते. 'पोरगी लवकर मोठी झाली' म्हणत तिचे मैदानावरचे खेळणे बंद केले जाते, बाहेर जाण्यावर बंधने येतात. प्रत्यक्षात यातील बहुतेक मुली वयात आलेल्याच नसतात. त्यांच्या शरीरात जे घडते, त्याला वैद्यकशास्त्रात अकाली ॲड्रेनार्की म्हणतात.

नेमके काय घडते?

दोन्ही मूत्रपिंडांच्या वर टोपीसारख्या बसलेल्या दोन लहान ग्रंथी असतात. त्या ॲड्रिनल किंवा अधिवृक्क ग्रंथी. साधारण सहा ते आठ वर्षांच्या दरम्यान या ग्रंथींच्या बाह्य भागातील सर्वांत आतला थर परिपक्व होऊ लागतो आणि डीएचईए व डीएचईए-एस ही संप्रेरके जास्त प्रमाणात तयार होतात. मुलगा असो वा मुलगी, हे सर्वांच्याच शरीरात घडते. काखेतील व जांघेतील केस, तेलकट केस, मुरुमे आणि घामाचा वास ही त्याचीच लक्षणे. मुलींमध्ये ८ वर्षांपूर्वी आणि मुलांमध्ये ९ वर्षांपूर्वी ही लक्षणे दिसली, रक्तात ही संप्रेरके वयाच्या मानाने वाढलेली आढळली आणि दुसरा कोणताही आजार सापडला नाही, तर तिला अकाली ॲड्रेनार्की म्हणतात. मुलांपेक्षा मुलींमध्ये ती जास्त आढळते.

स्तनांची वाढ आणि पाळी यांची यंत्रणा निराळी आहे. त्यासाठी मेंदूकडून अंडाशयांना आदेश जावा लागतो. अकाली ॲड्रेनार्कीत तो आदेश गेलेला नसतो. म्हणूनच वयात येणे लांबवणारी महागडी इंजेक्शने इथे उपयोगाची नाहीत. उंची थोडी लवकर वाढते, पण मोठेपणीची उंची सहसा सर्वसाधारणच राहते.

तपासणी का हवी?

हीच लक्षणे क्वचित दुसऱ्या आजाराचीही असू शकतात. अधिवृक्क ग्रंथीतील जन्मजात दोष किंवा गाठ ही त्यातली कारणे. म्हणून बालरोगतज्ज्ञ हाताच्या एक्स-रेवरून हाडांचे वय पाहतात आणि गरजेनुसार रक्तातील संप्रेरके तपासतात. ८ वर्षांआधी स्तनांची वाढ किंवा रक्तस्राव, आवाज घोगरा होणे, उंची झपाट्याने वाढणे किंवा रक्तदाब वाढलेला असणे, यापैकी काहीही दिसले तर उशीर करू नये.

हृदयाशी संबंध कसा?

बार्सिलोनातील लूर्देस इबान्येस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात अशा मुलींचा पाठपुरावा केला. त्यांतील काहींमध्ये पुढे इन्सुलिनची पातळी वाढलेली आणि अंडाशयातून पुरुषी संप्रेरके जास्त स्रवत असलेली आढळली. आज ज्याला आपण पीसीओएस म्हणतो, त्याच्या जवळचे हे चित्र. १९९८ मध्ये त्यांनी आणखी एक धागा मांडला : यातील अनेक मुलींचे जन्मवजन कमी होते. सर्व देशांतील अभ्यासांत हा धागा सारखाच ठळक दिसलेला नाही.

इन्सुलिनला शरीर दाद देईनासे झाले की पोटाभोवती चरबी साठते, रक्तातील चरबीचे प्रमाण बिघडते, रक्तदाब चढतो. पुढे मधुमेह आणि हृदयविकाराची वाट इथूनच जाते. मात्र फिनलंडमधील कुओपिओ येथे अशा मुलींचा तरुणपणापर्यंत जो पाठपुरावा झाला, त्यातून दिलासा मिळतो. जोखमीचा मोठा भाग वाढलेल्या वजनाशी जोडलेला दिसतो. म्हणजे ही खूण हृदयविकाराचे भाकीत नव्हे. वजन आणि साखरेकडे वेळीच लक्ष द्या, असे ती सांगते.

आपल्याकडे हे महत्त्वाचे का?

१९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि केईएम रुग्णालयातील सहकाऱ्यांनी गर्भवतींच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचे सरासरी जन्मवजन सुमारे २.७ किलो होते, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांचे सुमारे ३.५ किलो. पुण्याकडची बाळे बारीक होती, पण वजनाच्या मानाने त्यांच्या अंगात चरबी जास्त होती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१), भारतात वजन नोंदवलेल्या सुमारे १८ टक्के बाळांचे जन्मवजन २.५ किलोपेक्षा कमी होते. आई अर्धपोटी राहते, गरोदरपणातही मजुरीला जाते. त्याचा हिशेब लेकीच्या शरीरात उमटतो.

काय करावे?

- मुलीची उंची, वजन, कंबरेचा घेर आणि रक्तदाब वर्षातून एकदा तरी नोंदवा. कंबरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून जास्त नसावा.
- मानेवर किंवा काखेत काळपट, जाडसर त्वचा दिसली तर ती मळ समजून घासू नका. ती इन्सुलिनच्या बिघाडाची खूण असू शकते.
- रोज किमान ६० मिनिटे खेळणे, धावणे, सायकल चालवणे हवे. पुड्यांतले पदार्थ आणि गोड पेये कमी. भाकरी, डाळ, उसळ, अंडी, पालेभाजी जास्त. वाढत्या मुलीला उपाशी ठेवू नका.
- पाळी सुरू होऊन तीन वर्षे झाल्यावरही दोन पाळ्यांत ३५ दिवसांहून जास्त अंतर पडत असेल, तर डॉक्टरांना दाखवा.
- जन्मवजनाची नोंद असलेले माता व बाल संरक्षण कार्ड जपून ठेवा.

वस्तीत काम करणाऱ्या तरुणांनी आशाताई आणि अंगणवाडीताईंच्या मदतीने ही माहिती आयांच्या बैठकांत मांडावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येईल तेव्हा अशा मुलींची तपासणी व्हावी, असा आग्रह धरावा. सात वर्षांची मुलगी ही सात वर्षांचीच असते. केस दिसले म्हणून तिचे मैदान काढून घेणे म्हणजे तिच्या हृदयाला सर्वांत जास्त उपयोगी पडणारे औषधच काढून घेणे आहे.