कौटिलीय अर्थशास्त्रांतील नीव्र

नीव्र म्हणजे भिंतीबाहेर काढलेला पाख्याचा कांठ, आपली वळचण. अमरकोशाच्या छापील पाठांत नीध्र आढळतें. पोथ्यांत ध आणि व यांचा घोळ नित्याचाच.

शेजारच्या दोन घरांत एक किष्कु किंवा तीन पद अंतर असावें व नीव्रांमध्यें ४ अंगुळें राखावीं, अथवा एक दुसऱ्यावर चढवावें, असें कौटिल्य सांगतो. ४२ अंगुळांचा किष्कु छावणी, दुर्ग व राजवाडे यांचा. सबब साध्या घरास ३२ अंगुळांचाच घेणें आम्हांस रास्त वाटतें. मग प्रत्येक वळचण १४ अंगुळें, सुमारें साडेदहा इंच पडते. नदीकांठचीं नगरें लांकडाचीं असत, असें मेगॅस्थनीसाच्या आधारें ॲरियन लिहितो. लांकडी भिंतीस एवढी वळचण तोकडीच. चढविण्याची मुभा त्याकरितांच असावी.

अमरकोशाच्या जुन्या पोथ्या ज्यांचे संग्रहीं असतील त्यांनीं हा पाठ अवश्य पडताळावा.