‘पिक्चर कसा होता?’ : एका साध्या प्रश्नाचा इतिहास

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

धुळ्याहून शिरपूरकडे निघालं की मुंबई-आग्रा रस्त्यावर सोनगीर लागतं. वर टेकडीवर किल्ला, खाली गाव, आणि गावाची ओळख म्हणजे तांब्या-पितळेची भांडी. इथे हंडा घ्यायला आलेली बाई आधी भाव विचारत नाही. हंडा उचलते, बोटाच्या पेरानं कडेवर टिचकी मारते आणि कान देऊन ऐकते. धातूचं शास्त्र तिला ठाऊक नसतं, पण भांडं बद्द वाजलं तर ती ते खाली ठेवते आणि पुढच्या दुकानाकडे वळते.

सिनेमा पाहून आल्यावर आपण जे बोलतो, तीही अशीच टिचकी असते. आमच्या अहिराणीत विचारतात, “कसा व्हता पिक्चर?” उत्तरही तेवढंच छोटं असतं. “बरा होता.” “मध्यंतरापर्यंत चांगला, मग उगाच ताणला.” “गाणी छान, शेवट काही पटला नाही.” एवढं बोलून माणूस चहाचा कप खाली ठेवतो आणि कापसाच्या भावाकडे वळतो. सिनेमाच्या इतिहासाची पुस्तकं पाहिली तर त्यांत निर्माते असतात, दिग्दर्शक, नट-नट्या, गल्ल्याचे आकडे असतात. हे चहाच्या कपावरचं बोलणं मात्र नसतं. खरं तर सव्वाशे वर्षं सिनेमा याच बोलण्यावर चालला किंवा पडला.

अगदी सुरुवातीपासून पाहू. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली. तिकीट एक रुपया. शतकातला मोठा चमत्कार, अशी वर्तमानपत्रात जाहिरात होती. ती जाहिरात आज आपल्याला वाचता येते. पण तो खेळ पाहून जिना उतरताना माणसं एकमेकांशी काय बोलली, हे कुणी लिहून ठेवलं नाही.

पहिलं ठळक लोकमत आपल्याला सापडतं ते दादासाहेब फाळक्यांच्या वेळी. नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरचे फाळके. त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला. मुंबईत गर्दी झाली. सुरतेला मात्र लोक फिरकेनात, अशी हकीकत सिनेमाच्या इतिहासात सांगितली जाते. कारण काय? तर लोकांचं म्हणणं, दोन आण्यात सहा तासांचं नाटक पाहायला मिळतं, मग दीड तासाच्या खेळाला तीन आणे कशाला मोजायचे? यात कलेचा प्रश्नच नव्हता. पैशाच्या मानानं माल कमी, एवढाच हिशेब होता. फाळक्यांना तो पटकन कळला. त्यांनी जाहिरात केली की सत्तावन्न हजार छायाचित्रांचा, दोन मैल लांबीचा खेळ फक्त तीन आण्यात! आणि लोक आले. गंमत अशी की छायाचित्रांचा आकडा साधारण बरोबर होता, पण मूळ चित्रपट सुमारे ३,७०० फुटांचा. म्हणजे दोन मैल सोडाच, एक मैलही पुरा भरत नाही. सुरतेच्या गिऱ्हाइकानं टिचकी मारली, आणि आपल्या चित्रपटाच्या जनकाला आपलं भांडं कसं वाजवून दाखवायचं ते शिकावं लागलं.

पुढे सरकारलाही वाटलं की लोकांना सिनेमा कसा वाटतो ते विचारावं. १९२७ साली दिवाण बहादूर टी. रंगाचारियर यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली. तिनं देशभर चार हजारांवर प्रश्नावल्या पाठवल्या, साडेतीनशेच्या वर साक्षी घेतल्या आणि १९२८ मध्ये अहवाल दिला. खुद्द फाळक्यांचीही साक्ष झाली. त्या काळातला हा मोठाच उद्योग, आणि अभ्यासकांना आजही त्याचा उपयोग होतो. पण साक्षीदार कोण होते? अधिकारी, वकील, संपादक, प्राध्यापक, थिएटरवाले. अडाणी प्रेक्षकाला काय आवडतं, हे शिकलेल्या माणसांनी सांगितलं. चार आण्याच्या जागेवर बसणाऱ्यानं त्या प्रश्नावलीचं काय केलं असतं? त्याला ती वाचतादेखील आली नसती. महात्मा गांधींनाही विचारणा झाली. आपण कधी सिनेमा पाहिलेला नाही, पण त्यानं नुकसान होतं हे उघड आहे, अशा अर्थाचं त्यांनी कळवलं. न पाहता मत देण्याची आपल्याकडची परंपरा तशी जुनी म्हणायची! पुढे १९४४ मध्ये जुहूला मुक्कामाला असताना त्यांनी विजय भट्टांचा ‘रामराज्य’ पाहिला.

शहरात थिएटरं झाली, पण खेड्यांत सिनेमा आला तो तंबूतून. जत्रा भरली की ट्रकमधून तंबू, यंत्र, पडदा आणि फिल्मच्या पेट्या येत. दिवसा भोंगा लावून गाडी आजूबाजूच्या गावांतून फिरे, रात्री अंधार पडल्याशिवाय खेळ सुरू होत नसे. पुष्कळदा यंत्र एकच, त्यामुळे रीळ बदलताना खेळ थांबे. त्या थांबण्यात तंबूभर चर्चा होई. सिनेमा संपायच्या आतच निम्मा निकाल लागलेला असे. बायकांची बसायची जागा वेगळी. ज्यांच्या घरून परवानगी नसे त्यांना तीही नाही. अशा घरांत सिनेमा पोचे तो ऐकीव. कुणीतरी पाहून यायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं.

इथे मला माझ्या आत्याबद्दल सांगितलं पाहिजे.

आत्या धुळ्याला दिलेली. यजमान मिलमध्ये होते, त्यामुळे वर्षाकाठी दोन-चार पिक्चर तिच्या वाट्याला येत. उन्हाळ्यात ती माहेरी सोनगीरला यायची, तेव्हा आमच्या ओट्यावर पेरणीच्या बियाण्यासाठी भुईमुगाच्या शेंगा फोडायचं काम चालू असे. गल्लीतल्या दहा-बारा बाया गोळा होत. शेंगा फोडता फोडता आत्या पिक्चर सांगे. तीन तासांचा पिक्चर ती दोन दुपारी पुरवायची. गाणं आलं की म्हणायची नाही, पण ते कुठे आहे ते सांगायची. मी पाच-सात वर्षांचा असेन, शेंगांच्या ढिगाजवळ बसून ऐकायचो.

असाच मी ‘मदर इंडिया’ ऐकला. मेहबूब खान यांचा हा चित्रपट १९५७ च्या ऑक्टोबरमध्ये आला आणि पुढे कितीतरी वर्षं पुनःपुन्हा लागत राहिला. आत्यानं सांगितलेली राधा मला आजही आठवते. कर्ज, पूर, चिखलात गेलेलं पोर, नांगराला जुंपून घेतलेली ती. मग सुखीलाला सावकार, आणि त्याच्यावर दात धरून वाढलेला बिरजू. बिरजू बंडखोर होतो, सावकाराला मारतो, त्याच्या वह्या जाळतो. वह्या जळाल्या की आत्या हात झटकायची, पदरातली टरफलं खाली टाकायची आणि म्हणायची, “झालं, संपलं.” बाया क्षणभर गप्प बसायच्या. मग कुणीतरी म्हणायचं, “बरा होता गं पिक्चर.”

वीस-बावीस वर्षांनी मी तो चित्रपट दूरदर्शनवर पाहिला. वह्या जळाल्यावर मी उठायच्या बेतात होतो. पण पिक्चर संपला नव्हता. बिरजू सावकाराच्या मुलीला पळवून नेतो, आणि गावाच्या लेकीची अब्रू ती आपली अब्रू म्हणून राधा आपल्याच मुलावर गोळी झाडते. ज्या शेवटासाठी हा चित्रपट जगभर ओळखला जातो, तो शेवट मी कधी ऐकलाच नव्हता.

आत्याला विचारलं. ती तेव्हा बरीच थकली होती. मला वाटलं, विसरली असेल, किंवा शेवटची गाडी गाठायला थिएटरातून लवकर उठली असेल. ती म्हणाली, “सगळा पाहिला होता मी. राधानं केलं ते बरोबरच केलं. पण त्या ओट्यावर बसलेल्या प्रत्येकीच्या घरचा कागद कुणाच्या ना कुणाच्या पेटीत होता. त्यांना वह्या जळालेल्या ऐकू दे की एकदा. पुढचं सांगून काय करायचं होतं?”

तेव्हा मला आमच्या घरचं आठवलं. आजोबांची चार बिघे जमीन गहाण होती. ती सुटल्यावर घरात गोड केलं होतं, एवढंच मला लहानपणचं माहीत. आजी त्या ओट्यावर शेंगा फोडत बसलेली असे, आणि ‘बरा होता गं’ म्हणणाऱ्यांत तीही असे.

इतिहासाच्या वाचकाला इथे सुपे आठवल्याशिवाय राहत नाही. पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी १२ मे १८७५ रोजी शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. पुढे हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांत पसरलं. त्या दंग्यांत रोख माणसांच्या जिवावर फारसा नव्हता, तो होता खतांवर, रोख्यांवर, वह्यांवर. कागद हाती आले की ते जाळायचे, आणि बहुतेक ठिकाणी तेवढ्यावर थांबायचं. चौकशीला आयोग नेमला गेला, १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. हाच विषय पुढे सिनेमात आला. नारायण हरी आपटे यांच्या कथेवरून कोल्हापूरला बाबूराव पेंटरांनी १९२५ मध्ये ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला, त्यात शेतकऱ्याच्या भूमिकेत तरुण व्ही. शांताराम होते. मेहबूब खान यांनी १९४० मध्ये ‘औरत’ काढला, आणि त्याचाच नवा अवतार म्हणजे ‘मदर इंडिया’. दोन्हींत सावकार झाले कन्हैयालाल. माझ्या आत्यानं यातलं काहीही वाचलेलं नव्हतं. पण सुप्याचे शेतकरी जिथे थांबले, बरोबर तिथेच तिनं पिक्चर थांबवला. तिचं मत तिनं शब्दांत सांगितलंच नाही. कुठे थांबायचं ते ठरवलं, तेच तिचं मत होतं.

प्रेक्षक असा पिक्चर आपल्या घरापर्यंत ओढून आणतो. सोनगीरच्या शेजारच्या शिरपूरचं घराणं असलेल्या स्मिता पाटील यांचा ‘मंथन’ १९७६ चा. श्याम बेनेगल यांच्या या चित्रपटासाठी गुजरातेतल्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले होते. चित्रपट लागल्यावर खेड्यापाड्यांतून ट्रक भरभरून माणसं आपला पिक्चर पाहायला गेली. एरवी पिक्चर पाहून मत द्यायचं, इथे आधी पैसे देऊन मग पाहायचा!

आणि याच आग्रा रस्त्यावर धुळ्याच्या अलीकडे मालेगाव आहे. यंत्रमागाचं गाव, आणि शुक्रवार हा सुटीचा दिवस. तिथल्या नासिर शेख आणि त्यांच्या मित्रांनी ‘शोले’ इतक्यांदा पाहिला, त्यावर इतकं बोलून झालं, की २००० च्या सुमारास त्यांनी आपला ‘मालेगाव के शोले’ काढला. डाकू घोड्यांऐवजी सायकलींवर, आणि आगगाडीऐवजी बस. पुढे सुपरमॅनही मालेगावात आला. त्याची भूमिका करणारे शफीक शेख यंत्रमाग कामगार होते, २०११ मध्ये ते कर्करोगानं गेले. फैझा अहमद खान यांच्या माहितीपटानं ही गोष्ट जगाला कळवली, आणि २०२५ मध्ये रीमा कागती यांचा ‘सुपरबॉयज ऑफ मालेगाव’ थिएटरांत लागला. माझ्या आत्यानं पिक्चरचा शेवट कापला, मालेगावच्या पोरांनी अख्खा पिक्चरच नव्यानं विणला. दोघांचं दुखणं एकच होतं. पडद्यावरची गोष्ट भारी आहे, पण तिच्यात आम्ही कुठे आहोत?

आता मतांना तोटा नाही. पिक्चर संपायच्या आत मोबाइलवर तारे दिले जातात, आणि ते सगळं कुठे ना कुठे नोंदलं जातं. तक्रार करायचं कारण नाही. रंगाचारियर समितीला जे जमलं नाही ते यंत्रानं केलं. पण ज्या काळात माणसांनी अंधारात सिनेमा पाहिला आणि ओट्यावर बसून सांगितला, त्या काळाची नोंद कुठल्याही यंत्रात नाही. ती आपल्या घरातल्या सत्तरी-ऐंशीच्या माणसांच्या डोक्यात आहे, आणि दर वर्षी ती थोडी थोडी कमी होते आहे. माझ्या आत्याला मी विचारलं ते शेवटच्या दोन-तीन वर्षांत. तिच्याबरोबर शेंगा फोडणाऱ्या बायांना विचारायचं राहूनच गेलं.

म्हणून एक विनंती. घरातल्या आजीला, मावशीला, आत्याला विचारा, तुम्ही पाहिलेला पहिला पिक्चर कोणता? कुठे पाहिला? बरोबर कोण होतं, तिकिटाचे पैसे कुणी दिले? आणि घरी आल्यावर तुम्ही तो कसा सांगितला? गोष्ट चुकली तर दुरुस्त करू नका. ती कुठे चुकते, तेवढं मात्र लिहून ठेवा.