संडास घरात आला, पण विचारलं कुणाला?



मागच्या बैठकीत आमच्या गटातल्या एका ताईंनी कर्ज मागितलं. सासूबाईंचे गुडघे गेलेत, उकिडवं बसता येत नाही. संडासची खोली चार फूट लांब, तीन फूट रुंद. मुलगा म्हणतो, शहरात असतो तसा भिंतीला टांगलेला कमोड बसवू, जागा वाचेल. ताईंनी विचारलं, "खरंच वाचेल का गं?" त्याचं उत्तर देण्याआधी थोडा इतिहास सांगते.

जुन्या शहरांतल्या वाड्यांत संडास मागच्या टोकाला असायचा. खाली टोपली, आणि ती उचलायला येणाऱ्यांसाठी मागून वेगळी वाट. ठरावीक जातींच्या माथी मारलेलं हे काम, त्यात बायाच पुष्कळ. वाडा स्वच्छ राहायचा, पण घाण त्यांच्या डोक्यावरून जायची. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी स्वतः हातात झाडू घेतला, कणकवलीच्या गोपुरी आश्रमात सफाईचे प्रयोग केले. या प्रथेवर बंदी घालणारा कायदा मात्र 1993 साली आला, आणि 2013 साली तो आणखी कडक करावा लागला.

संडास लांब ठेवायचं मुख्य कारण वास. त्यावर उपाय निघाला लंडनमध्ये. 1775 साली अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने भांड्याखालच्या वाकड्या नळीचं पेटंट घेतलं. त्या वळणात थोडं पाणी साचून राहतं आणि खालचा वास अडतो. आज आपल्या भांड्याखालीही तेच वळण आहे. त्याच्यामुळेच संडास घरात येऊ शकला.

आपल्याकडे अडचण होती पाण्याची. बिंदेश्वर पाठक यांनी 1970 साली बिहारमध्ये काम सुरू केलं आणि दोन खड्ड्यांचा संडास देशभर पोचवला. भांड्याला उतार जास्त, म्हणून दीड-दोन लिटर पाण्यात काम होतं. एक खड्डा भरला की दुसरा वापरायचा, पहिल्यात खत होतं. कुणी डोक्यावर काही वाहायचं नाही. पुढे आपल्या राज्यात गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान झालं, 2014 पासून स्वच्छ भारत आलं, संडास दारात आला. पण तो कुठे बांधायचा, पाणी कोण आणणार, हे बाईला क्वचितच विचारलं गेलं. टोपली गेली, हंडा राहिला.

आता टांगलेला कमोड. तो लहान जागेसाठी सोयीचा, कारण टाकी भिंतीत लपते. खालची फरशी मोकळी राहते, पुसायला सोपी. बसायची उंचीही आधी ठरवून घेता येते. पण नुसत्या साडेचार इंची भिंतीला तो टांगता येत नाही. लोखंडी फ्रेम जमिनीला घट्ट बसवावी लागते, आणि ती झाकायला पुढून आणखी एक भिंत येते. त्यात अर्धा फूट गेला की वाचलेली जागा तिथेच संपली. शिवाय आपल्या भांड्याचा पाइप जमिनीत जातो, याचा मागे भिंतीत. म्हणजे फोडाफोड आली. मोठं बटण दाबलं की सहा लिटरच्या आसपास पाणी जातं. नळ दिवसाआड येत असेल तर ती टाकी भरणार कोण?

म्हणून ताईंनी आधी टेप घेतली. जमिनीवरचा साधा कमोड, मागे टाकी नाही, पाणी बादलीने. पुढे दोन फूट मोकळे राहतात, आणि भिंतीला सासूबाईंसाठी धरायला दांडी. पाणी पूर्वीपेक्षा जास्त लागेल, पण किती ओतायचं ते आपल्या हातात. गटाने कर्ज मंजूर केलं.

मैत्रिणींनो, घरी गवंडी आला की त्याच्याशी बोलायला आपणही पुढे व्हायचं. जी पाणी आणते, जी भांडं घासते, तिला विचारल्याशिवाय खड्ड्याची पहिली कुदळ पडू द्यायची नाही.