ट्रकच्या थंडाव्यातले आवाज : निदानाची एक पद्धत

आवाजांच्या नावांना मराठीत तोटा नाही. किरकिर, घरघर, खडखड, चिवचिव, फुसफुस, गुळगुळ. चालक गॅरेजात येतो आणि सांगतो, "मिस्त्री, चढाला लागली की घरघर करते बघा." या एका वाक्यात दोन गोष्टी सांगून झालेल्या असतात : 'घरघर' ही एक आणि 'चढाला लागली की' ही दुसरी. मिस्त्रीच्या डोक्यात बहुतेकदा पहिलीच राहते. घरघर म्हणजे बेअरिंग, असे ठरते. पाण्याचा पंप उतरतो, नवा बसतो आणि पुढच्या घाटात घरघर पुन्हा हजर होते. आवाजाला कोणते नाव द्यायचे हे ऐकणाऱ्याच्या कानावर ठरते. दोन माणसे एकाच आवाजाला घरघर आणि खरखर म्हणतील. मात्र तो कधी सुरू होतो, कशाबरोबर वाढतो आणि कशाने थांबतो, यावर दोघांचेही एकमत होईल. निदान उभे राहायला हवे ते या एकमतावर.

ट्रकच्या पुढच्या भागात तीन व्यवस्था दाटीवाटीने नांदतात. इंजिनची उष्णता कूलंटमार्फत रेडिएटरपर्यंत नेणारी पहिली. केबिन थंड करणारी गॅसची दुसरी : कॉम्प्रेसर, कंडेन्सर, एक्स्पान्शन वॉल्व आणि डॅशबोर्डमागची कूलिंग कॉइल. तिसरा हीटर, तो पहिल्या व्यवस्थेतलेच गरम कूलंट उसने घेतो. मालट्रकच्या केबिनमध्ये एसी ही परवापर्यंत चैन समजली जाई. केंद्र सरकारने 2023 च्या डिसेंबरात अधिसूचना काढली आणि साडेतीन टनांवरच्या नव्या मालवाहू गाड्यांना 2025 पासून वातानुकूलित केबिन सक्तीची झाली. बेचाळीस अंशांच्या उन्हात दहा-बारा तास चाक धरणाऱ्या माणसासाठी ही फार उशिरा आलेली गोष्ट आहे. पण तिच्यासोबत आवाजांची एक नवी पिढीही गॅरेजात आली, आणि जुन्या मिस्त्रीचा तयार कान तिला अजून सरावलेला नाही.

प्रत्येक आवाजाला एक धनी असतो. तो धनी हलला की आवाज हलतो. ट्रकमध्ये असे धनी पाच : इंजिनचे फेरे, ब्लोअरचे बटण, तापमान, रस्ता आणि ब्रेकच्या हवेचा दाब. पाचवा धनी मोटारीत सहसा नसतो, म्हणून मोटारींवर हात बसलेला मिस्त्री ट्रकपाशी नेमका त्याच्यावरच अडखळतो.

धनी ओळखायला गाडी सपाटीवर उभी करावी, चाकांना दगड लावावेत, गिअर न्यूट्रलला ठेवावा आणि हळूहळू रेस द्यावी. रेसबरोबर आवाजाची पट्टी चढली तर तो इंजिनला जोडलेल्या फिरत्या भागाचा : पट्टा, पुली, पाण्याचा पंप, पंखा किंवा कॉम्प्रेसर. रेस वाढवूनही तो तसाच राहिला आणि ब्लोअरचे बटण फिरवताच बदलला, तर केबिनमधल्या छोट्या पंख्याकडे पाहावे. तिथे बहुधा आत ओढलेले वाळके पान, कागदाचा कपटा किंवा झिजलेली मोटर, यापलीकडे काही निघत नाही. उभ्या गाडीत आवाज नाही आणि वळणावर किंवा ब्रेक मारताना येतो, तर त्याचा धनी रस्ता. या पहिल्याच पायरीवर निम्मे काम होते, आणि पान्याला अजून हातही लागलेला नसतो.

रेसबरोबर चालणाऱ्या आवाजांत चिवचिव आणि किंकाळी पट्ट्याची. इथे पाण्याचे चार थेंब पुरतात. इंजिन मंद चालू असताना पट्ट्याच्या खाचांच्या बाजूवर दुरूनच पिचकारीने थोडे पाणी मारावे. आवाज क्षणभर थांबून परत आला, तर पुल्या एका ओळीत नाहीत. पाण्याने तो उलट वाढला, तर पट्टा ढिला आहे आणि घसरतो आहे. अशा पट्ट्यावर मेण किंवा फवारा मारून तो गप्प करण्याची रीत मला अजिबात मान्य नाही. पुली वाकडीच राहते आणि पुढच्या खेपेला पट्टा रस्त्यात तुटतो. हे करताना गळ्यातला टॉवेल आणि लोंबत्या बाह्या आधी दूर ठेवाव्यात. पंखा कोणाची वाट पाहत नाही.

घरघर मात्र बेअरिंगची, हे खरे. प्रश्न कोणत्या बेअरिंगचा एवढाच. एसीच्या कॉम्प्रेसरची पुली एसी बंद असतानाही फिरत असते. बंद असतो तो कॉम्प्रेसरचा दांडा. बटण दाबले की विद्युत्चुंबकाचा क्लच पुढची चकती पुलीला चिकटवतो आणि मग दांडा फिरू लागतो. त्या क्षणी येणारा एकच 'टक्' निरोगी असतो. म्हणून एसी बंद असतानाही घरघर चालू राहिली, तर पुलीचे बेअरिंग किंवा शेजारचा आयडलर तपासावा. बटण दाबल्यावरच खडखड सुरू झाली, तर दुखणे कॉम्प्रेसरच्या आत आहे. चकती आणि पुली यांच्यातली फट साधारण अर्ध्या मिलिमीटरची असते. झिजून ती वाढली की चकती नीट पकडत नाही आणि बटण दाबताच किंचाळते. यासाठी अख्खा कॉम्प्रेसर बदलायला लावणे म्हणजे मालकाच्या खिशाला भोक पाडणे आहे.

'टक्' दर काही सेकंदांनी होऊ लागला तर गोष्ट वेगळी. गॅस कमी झाला की दाब खाली उतरतो, सुरक्षेचा स्विच क्लच सोडवतो, दाब सावरतो, क्लच पुन्हा बसतो. कॉम्प्रेसरचे तेल गॅसबरोबरच फिरत असल्याने कमी गॅसवर गाडी हाकणे म्हणजे कॉम्प्रेसरला कोरडा ठेवणे. गॅस 'भरून घेण्या'पेक्षा गळती शोधणे आधी. आर-134ए हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 1,430 पट उष्णता अडवतो, तेव्हा तो हवेत सोडून देणे हा साधा निष्काळजीपणा नव्हे.

फुसफुशीचे तीन प्रकार तेवढे वेगळे करावेत. इंजिन बंद केल्यावर डॅशबोर्डमागे मिनिटभर येणारी फुसफुस म्हणजे गॅसच्या दोन बाजूंचा दाब सारखा होणे. त्यात काही वावगे नाही. एसी चालू असताना ती सतत आली आणि थंडावाही कमी वाटला, तर एक्स्पान्शन वॉल्वपर्यंत निखळ द्रव पोचत नाही, वाफमिश्रित पोचतो. पुन्हा गॅस कमी. तिसरी ट्रकची खास : ब्रेकची हवा भरली की एअर ड्रायर साठलेला ओलावा 'फुस्स' करून बाहेर टाकतो. एसीचा गॅस गेला असे समजून चालक याच आवाजाने घाबरतो. दोहोंचा फरक घड्याळाच्या काट्यावर दिसतो : हवेच्या दाबाचा काटा वरच्या हद्दीला पोचला त्याच क्षणी फुस्स झाले, तर ते ड्रायरचे.

आता गुळगुळ. या विषयातला सर्वांत कसोटीचा आवाज हाच, आणि चुकीच्या निदानाची किंमतही इथेच सर्वांत जास्त. डॅशबोर्डमागे पाणी खळखळल्यासारखे होते. आधी रस्त्याचा धनी तपासावा : वळणावरच होत असेल तर कूलिंग कॉइलवर साठलेल्या दवाची निचऱ्याची नळी तुंबली आहे. पावसाळ्यात कोकणात एसी चालवणाऱ्या गाडीखाली पाण्याचे थेंब पडायलाच हवेत; खालची जमीन कोरडी असेल तर पाणी आत साठते आहे. रेस देताच गुळगुळ वाढत असेल, तर हीटरच्या कूलंटमध्ये हवा आहे. ही हवा आली कुठून?

होज पाइप बदलून नुकतेच पाणी भरले असेल, तर हवा अडकली असेल; ती नीट काढली की संपले. काढूनही दोन दिवसांनी परतली, तर कोणीतरी आत हवा ढकलते आहे. इथे गॅरेजात लगेच 'हेड गॅस्केट गेली' असा निकाल लागतो, कारण डिझेलच्या सिलिंडरात जळणाच्या क्षणी शंभर बारच्या वर दाब असतो आणि तो वायू कूलंटमध्ये शिरू शकतो. पण ट्रकला आणखी एक दाब निर्माण करणारा आहे. ब्रेकची हवा भरणारा कॉम्प्रेसर पुष्कळ गाड्यांत इंजिनच्याच कूलंटने थंड होतो. त्याच्या छोट्या हेडची गॅस्केट फुटली, तर ब्रेकची हवा सरळ रेडिएटरात जाते आणि सगळी लक्षणे मोठ्या गॅस्केटसारखीच दिसतात : बुडबुडे, टाकीतून उसळणारे पाणी, कधी गरम कधी गार होणारा हीटर.

दोन्ही वेगळे करायला हवेच्या दाबाचा धनी उपयोगी पडतो. थंड इंजिन सुरू करून कूलंटच्या टाकीकडे पाहावे. इंजिन थंड असताना बुडबुडे वाफेचे असू शकत नाहीत, म्हणून ही वेळ निवडायची. ब्रेकच्या टाक्या पूर्ण भरल्या की कॉम्प्रेसरवरचा भार उतरतो. त्याच वेळी बुडबुडे थांबले, ब्रेकचे पेडल दाबून हवा कमी करताच परत आले, तर दोषी तो कॉम्प्रेसर आहे. हवा भरली तरी बुडबुडे तसेच, आणि रेसबरोबर वाढतात, तर मात्र इंजिनचे हेड उघडावे लागेल. पाच मिनिटांची ही परीक्षा न करता हेड उघडलेल्या गाड्या पाहिल्या की जीव कळवळतो. आठवडाभर गाडी उभी, हप्ता चालू आणि आवाज जागच्या जागी.

बुडबुडे नाहीत, पण गाडी तापल्यावर इंजिनच्या अंगातून सूं-सूं येते, असेही होते. चहाचे आधण उकळण्याआधी पातेले गाते, तोच हा आवाज : तळाशी झालेली वाफ वरच्या गार पाण्यात मिटते. कूलंटऐवजी बोअरचे जड पाणी भरत राहिले की आत क्षार धरतात आणि त्या थराखाली जागोजाग पाणी उकळू लागते. रेडिएटरचे झाकणही पाहावे. ते सुमारे एक बार जादा दाब धरून ठेवते, म्हणून पाणी 100 ऐवजी 120 अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाची रबरी वायसर कडक झाली की ही वीस अंशांची सवलत जाते. गरम गाडीचे झाकण कधीही उघडू नये; दाब सुटताच पाणी एकदम उकळून वाफेसह तोंडावर उसळते. याउलट, गाडी बंद केल्यावर पुढून येणारी टकटक निर्धोक असते. मीटरभर रुंद ॲल्युमिनियमचा रेडिएटर सत्तर अंशांनी निवताना दीड मिलिमीटरहून अधिक आक्रसतो आणि पोलादी चौकटीत सरकतो.

राहिला मोठा पंखा. त्याच्या व्हिस्कस क्लचमध्ये सिलिकॉनचे दाट तेल असते. रेडिएटरमधून आलेली हवा गरम झाली की ते तेल पंख्याला जखडते आणि पंखा पूर्ण जोराने फिरू लागतो. पंख्याचे फेरे दुप्पट झाले की त्याला आठपट ताकद लागते आणि आवाज सुमारे 15 डेसिबलने चढतो. म्हणून खंबाटकी किंवा कसारा घाट भरल्या मालाने चढताना गाडी एकाएकी गरजू लागते, आणि सकाळी पहिली दोन मिनिटेही गरजते, कारण रात्रभरात तेल क्लचच्या कामाच्या खोलीत उतरलेले असते. दोन्ही गर्जना निरोगी. गार इंजिनावर सपाट रस्त्यानेही दिवसभर गरजत राहिली, तर क्लच जाम झाला आहे. त्याने डिझेल जळते, पण गाडी तापत नाही.

धोक्याची खूण याच्या उलटी आहे, आणि तिची तक्रार घेऊन कोणीच येत नाही. घाट चढतो आहे, तापमानाचा काटा वर सरकतो आहे आणि पंखा गरजत नाही. केबिन शांत आहे म्हणून चालक सुखावतो. अशा वेळी एसी बंद करावा, हीटर पूर्ण उघडावा, जागा मिळताच गाडी बाजूला घ्यावी. कूलंट शिल्लक असेल तर इंजिन मंद चालू ठेवावे, वाफ निघत असेल तर लगेच बंद करावे, आणि गार पाणी वरून मुळीच ओतू नये. नंतर इंजिन बंद करून, किल्ली खिशात ठेवून, पंखा हाताने फिरवून पाहावा. गरम गाडीत त्याने दाट विरोध करायला हवा. एका टिचकीत तो गरगर फिरत राहिला, आणि क्लचच्या मध्यापासून बाहेर तेलाचे काळे, धूळ धरलेले ओघळ दिसले, तर सिलिकॉन केव्हाच गळून गेले आहे.